तक्रार पापणीची, ऑपरेशन कपाळाचं: ब्राऊ लिफ्टची एक पूर्ण केस

या केसमधल्या बाई ५६ वर्षांच्या, काम दिवसभर कॉम्प्युटरसमोरचं. ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत, वैद्यकीय भाग मात्र सगळा ठेवलाय, कारण या केसमध्ये शिकण्यासारखं जे आहे ते त्यातच आहे. ब्राऊ लिफ्ट म्हणजे खाली उतरलेली भुवई वर उचलून बांधायचं ऑपरेशन. मी असिस्टला होते, ऑपरेशन आमच्या सरांनी केलं.

आल्या तेव्हा मागणी अगदी स्पष्ट होती: वरच्या पापणीची जास्तीची कातडी कापून टाका, डोळे जड होतात, संध्याकाळ झाली की कपाळ दुखायला लागतं, आणि फोटोत मी कायम थकलेली नाहीतर चिडलेली दिसते. आरशात बघून कोणीही हेच म्हटलं असतं, कारण दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यात कातडीची घडी पापणीच्या केसांवर येऊन टेकली होती, उजवीकडे जरा जास्तच. पण नीट बघितलं तर ती घडी पापणीवर थांबत नव्हती, डोळ्याचा कोपरा ओलांडून पुढे कानशिलाकडे जात होती, आणि अशी घडी दिसली की पापणीकडे बघायच्या आधी भुवई कुठे आहे ते बघायचं असतं.

मग सरांनी त्यांना डोळे मिटून कपाळ पूर्ण सैल सोडायला सांगितलं, भुवयांच्या वर हलकाच हात ठेवला आणि म्हणाले, "ताई, आता कपाळ न उचलता फक्त डोळे उघडा." त्यांनी डोळे उघडले आणि भुवया जिथल्या तिथे राहिल्या, डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या कडेच्या खाली, उजवी डावीपेक्षा ३ मिमी अजून खाली. हात काढल्याबरोबर दोन्ही भुवया झटकन वर गेल्या आणि कपाळावर आडव्या आठ्या पडल्या, आणि हे त्या स्वतः करतायत याची त्यांना कल्पनाच नव्हती. दिवसभर जागेपणी कपाळाचा स्नायू भुवया वर ओढून धरत होता, म्हणजे डोळ्यासमोरची वाट मोकळी राहावी, आणि संध्याकाळच्या त्या कपाळदुखीचं एक कारण बहुधा तेच होतं.

इथे शरीररचना थोडी समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचं ऑपरेशन कळणार नाही. भुवई वर उचलणारा स्नायू एकच, फ्रंटॅलिस. खाली ओढणारे मात्र बरेच: दोन भुवयांच्या मधे उभ्या आठ्या पाडणारा कॉरुगेटर, नाकाच्या मुळाशी आडवी घडी पाडणारा प्रोसेरस, आणि डोळ्याभोवती गोल फिरणारा ऑर्बिक्युलॅरिस. त्यातही फ्रंटॅलिस कानशिलापर्यंत पोचत नाही, कपाळ आणि कानशिलाच्या मधे हाडावर जी कडा हाताला लागते तिथे तो संपतो. त्यामुळे भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा उचलायला कोणी नाही, खाली ओढायला मात्र ऑर्बिक्युलॅरिस कायम हजर, म्हणून वय वाढलं की भुवईचं बाहेरचं टोक आधी उतरतं. आतलं टोक फार कमी उतरतं, आणि हा मुद्दा लक्षात ठेवा कारण ऑपरेशनचा सगळा बेत यावर उभा आहे.

पापणीचं माप वेगळं घेतलं. डोळ्यात टॉर्च मारल्यावर बाहुलीत जो प्रकाशाचा ठिपका दिसतो तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत ४ मिमी, दोन्ही डोळ्यांत. साधारण ४ ते ५ मिमी नॉर्मल धरतात, म्हणजे पापणी उचलणारा स्नायू ठीक काम करत होता. हे माप कमी आलं असतं तर केस पूर्ण वेगळ्या रस्त्याने गेली असती. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, पापणी अचानक एकाच बाजूला उतरली, किंवा सोबत दोन दोन दिसायला लागलं, बाहुल्या लहानमोठ्या झाल्या, तर कॉस्मेटिक सर्जरीचा विचारसुद्धा करायचा नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचं, कारण त्यामागे मेंदूकडची नर्व्ह किंवा रक्तवाहिनी असू शकते. या बाईंचं सगळं हळूहळू, वर्षानुवर्षं होत आलेलं होतं.

खरा धागा हिस्टरीत सापडला. मी विचारलं की याआधी चेहऱ्यावर काही केलंय का, तर म्हणाल्या, हो, कपाळावरच्या आठ्यांसाठी बोटॉक्स घेतलं होतं आणि ते फार वाईट गेलं, आठ्या गेल्या पण डोळे इतके जड झाले की मान मागे करून बघावं लागायचं, तीनेक महिन्यांनी आपोआप सुधारलं. त्यांना वाटत होतं की इंजेक्शनच खराब होतं. प्रत्यक्षात बोटॉक्सने बरोबर आपलं काम केलं होतं, फ्रंटॅलिस सैल केला, आणि भुवयांना धरून ठेवणारा तो एकटाच होता म्हणून भुवया खाली आल्या. एका अर्थाने ती आमच्यासाठी तयार टेस्टच होती. आता विचार करा, त्यांच्या मागणीप्रमाणे फक्त पापणीची कातडी काढली असती तर काय झालं असतं? डोळ्यासमोरची अडचण गेली की मेंदू फ्रंटॅलिसला ओढून धरायचा आदेश देणं कमी करतो, कपाळ सैल पडतं, भुवई आणखी खाली येते, आणि काही महिन्यांत पेशंट परत येतो की घडी पुन्हा आली. मग परत कातडी काढायची, आणि असं करत करत भुवई आणि पापणी इतकी जवळ येते की डोळा नीट मिटत नाही. पडद्याचा दांडा खाली सरकलाय आणि आपण पडदा खालून कापत बसलोय, असा तो प्रकार.

हे सगळं त्यांना आरसा हातात देऊन दाखवलं. सरांनी बोटाने भुवईचं बाहेरचं टोक थोडं वर धरलं आणि पापणीवरची बरीचशी घडी गेली. बाई बराच वेळ बघत राहिल्या, मग पहिला प्रश्न आला, "पण मी दचकल्यासारखी दिसणार नाही ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. दचकलेला चेहरा येतो तो आतलं टोक जास्त उचलल्याने किंवा दोन भुवयांमधलं अंतर वाढल्याने, आणि ज्यांनी असे चेहरे पाहिलेत त्यांना या ऑपरेशनची भीती वाटणं साहजिक आहे. म्हणून आम्ही त्यांना तिशीतले फोटो आणायला सांगितले. फोटोत त्यांच्या भुवया तेव्हाही जरा सरळ आणि खालीच होत्या, उंच कमान कधीच नव्हती. पुस्तकात बाईच्या भुवईचं वर्णन असतं की हाडाच्या कडेच्या थोडी वर, आणि सगळ्यात उंच भाग बुबुळाच्या बाहेरच्या कडेपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात, पुरुषाची हाडाच्या कडेवर आणि जवळपास सरळ. पण माझं ठाम मत आहे की पुस्तकातल्या भुवईपेक्षा त्या माणसाचा जुना फोटो जास्त खरा. ध्येय ठरलं: बाहेरचा हिस्सा वर, आतला जवळपास तिथेच, उजवी थोडी जास्त.

कुठल्या पद्धतीने करायचं यावर बरीच चर्चा झाली. सगळ्यात जुनी पद्धत कोरोनल, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केसांच्या आतून डोक्यावर लांब चीर, त्यातून कपाळ मोकळं करून वर ओढायचं आणि जास्तीची कातडी काढायची. ताकदीचं ऑपरेशन आहे, पण चिरेच्या मागे डोकं बधिर राहतं, आणि केसांची रेषा मागे सरकते. ज्यांचं कपाळ आधीच उंच आहे त्यांच्यासाठी चीर केसांच्या रेषेवरच घेतात, तिरकी, म्हणजे त्या व्रणातून केस उगवून तो झाकला जातो, आणि कपाळ उलट थोडं लहान करता येतं. टक्कल असलेल्या पुरुषात कपाळाच्या खोल आठीत चीर लपवता येते. भुवईच्या अगदी वर चीर घेऊन कातडीचा तुकडा काढायचा, ही डायरेक्ट पद्धत, चेहऱ्याचा लकवा झालेल्यांमध्ये फार उपयोगी, कारण जितकं काढाल जवळपास तितकं वर येतं, फक्त व्रण समोर दिसतो. पापणीच्याच चिरेतून भुवईला आतून टाका घेता येतो, पण त्याने भुवई फार वर येत नाही, आहे तिथे टेकू मिळतो एवढंच. आणि बोटॉक्स खाली ओढणाऱ्या स्नायूंना दिलं तर भुवई एकदोन मिमी वर येते, साधारण ३-४ महिने टिकते, या बाईंना तेवढ्याने भागणारं नव्हतं.

त्यांच्या केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंतचं अंतर ५.५ सेंमी होतं, केस दाट, कपाळ फार बाहेर आलेलं नाही, म्हणजे एंडोस्कोप, कॅमेरा लावलेली बारीक नळी, छोट्या चिरेतून आत सरकवायला अडचण नाही. एंडोस्कोपिक ब्राऊ लिफ्ट ठरलं. ही पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि लांब चिरेची गरज बऱ्याच लोकांमध्ये संपली. पापणीची कातडी त्याच वेळी काढायची का, यावर सरांचं म्हणणं होतं की नाही, आधी भुवई जागेवर जाऊ दे, मग किती कातडी खरंच जास्त आहे ते बघू. बरेच सर्जन दोन्ही एकत्र करतात आणि ते चूक नाही, पण मग पापणीवर हात फार आखडता ठेवावा लागतो. बाईंना डोळे कोरडे पडायची थोडी तक्रारही होती, अश्रूंची टेस्ट काठावर आली, त्यामुळे थांबणंच शहाणपणाचं वाटलं.

ऑपरेशनच्या आधीची तयारी नेहमीसारखी: बीपी कंट्रोलमध्ये, डोकेदुखीसाठी अधूनमधून घ्यायच्या त्या आयबुप्रोफेन बंद, फिश ऑइल आणि लसणाच्या गोळ्या बंद, कारण या सगळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर मात्र ती स्वतःच्या मनाने कधीच बंद करायची नाही, आधी ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारायचं.

मार्किंग बसवून केलं, कारण पेशंट आडवा झाला की भुवया आपोआप वर सरकतात आणि सगळं माप खोटं पडतं. प्रत्येक बाजूला किती आणि कुठल्या दिशेला ओढायचं त्याचे बाण काढले. भुवईच्या वरच्या नर्व्हची खाच बोटाने चाचपून खूण केली, मध्यरेषेपासून साधारण अडीच सेंमीच्या पुढे सापडते. आणि फेशियल नर्व्हची कपाळाला जाणारी फांदी जिथून जाते ती पिटांगीची रेषा आखली, कानाच्या पुढच्या छोट्या कुर्चेच्या अर्धा सेंमी खालून निघून भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या दीड सेंमी वर जाणारी. फ्रंटॅलिस चालतो तो या फांदीवर, ती दुखावली तर त्या बाजूची भुवई उचलताच येत नाही. या सर्जरीत सगळ्यात जास्त जपायची गोष्ट हीच.

पूर्ण भूल दिली. केस कापले नाहीत, फक्त भांग पाडून छोटे रबर लावले. कपाळात आणि डोक्याच्या कातडीत भुलीचं औषध आणि अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेलं पाणी भरलं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबलो, शिरा आकसेपर्यंत. हे थांबणं कंटाळवाणं असतं पण एंडोस्कोपमध्ये थोडंसं रक्तसुद्धा अख्खा स्क्रीन लाल करून टाकतं. मग केसांच्या रेषेच्या आत पाच छोट्या चिरा, मधे एक, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि दोन्ही कानशिलांवर एकेक.

मधल्या चिरांमधून थेट हाडापर्यंत जायचं आणि हाडाला चिकटलेलं आवरण, पेरिऑस्टियम, चपट्या हत्याराने हाडापासून सोडवत खाली यायचं. भुवईच्या साधारण दोन सेंमी वरपर्यंत हे हाताच्या अंदाजाने करता येतं, पुढे कॅमेरा हवाच, कारण नर्व्ह तिथून सुरू होतात. कानशिलावर थर वेगळा. तिथे चावण्याच्या स्नायूवरचा पांढरा चकाकणारा पडदा शोधायचा आणि अगदी त्याच्या अंगावरून सरकायचं. तो नक्की तोच आहे ना हे बघायला सरांनी त्याला छोटासा छेद दिला, खाली लाल स्नायू दिसला, म्हणजे थर बरोबर. मग कानशिलाकडून कपाळाकडे येत दोन्ही पोकळ्या जोडल्या. दिशा हीच ठेवायची, उलट कपाळाकडून कानशिलाकडे गेलं तर वरच्या थरात, म्हणजे नर्व्हच्याच थरात शिरायची भीती असते.

डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या थोडं वर एक उभी शीर वाटेत येते, तिला सेंटिनल व्हेन म्हणतात, आणि ती दिसली की समजायचं नर्व्ह इथेच जवळ, आपण काम करतोय त्या पोकळीच्या छतात आहे. डावीकडे ती शीर व्यवस्थित वाचली. उजवीकडे फाटली आणि रक्त आलं. सरांनी घाई केली नाही, दाबून धरलं, धुतलं, आणि बायपोलर कॉटरी, म्हणजे विजेच्या उष्णतेने रक्तवाहिनी बंद करणारं हत्यार, शिरेच्या खालच्या टोकाला, छतापासून लांब, कमी पॉवरवर लावली. रक्त थांबलं. फाइलमध्ये लगेच नोंद केली, कारण पुढे काही दिसलं तर कारण माहीत असायला हवं.

यानंतरचा टप्पा म्हणजे खरं ऑपरेशन. खोबणीच्या हाडाच्या कडेला पेरिऑस्टियम घट्ट चिकटलेलं असतं, ते आडवं कापून पूर्ण सोडवावं लागतं, कापल्यावर आतून पिवळी चरबी दिसते. हे अर्धवट राहिलं तर वरून कितीही ओढा, भुवई काही आठवड्यांत परत खाली येते. लिफ्ट टिकलं नाही अशी तक्रार ऐकली की माझ्या मनात पहिली शंका टाक्याची येत नाही, या सुटकेची येते. या केसमध्ये बाहेरचा भाग अगदी पूर्ण सोडवला आणि बरोबर मधला, नाकाच्या वरचा भाग मुद्दाम तसाच ठेवला, म्हणजे आतली टोकं वर जाणार नाहीत आणि एकमेकांपासून फाकणार नाहीत. कॉरुगेटर नर्व्हचे धागे बाजूला ठेवून थोडाथोडा काढला. हे काम अगदी संथ असतं, नर्व्हचे पांढरे धागे त्या स्नायूतूनच जातात.

मग बांधणं. भुवईच्या बाहेरच्या भागाच्या वर, कवटीच्या फक्त बाहेरच्या थरात छोटा बोगदा पाडून त्यातून टाका ओवला आणि कपाळ त्याला बांधलं. काही जण स्क्रू लावतात, काही जण शरीरात विरघळणारा आकडा बसवतात. कानशिलावर वरचा पडदा खालच्या घट्ट पडद्याला टाक्यांनी बांधला. शेवटी टाका भुवईला कायमचा धरत नाही, तो फक्त वेळ काढतो, पेरिऑस्टियम नव्या जागी हाडाला परत चिकटेपर्यंत, आणि त्याला काही आठवडे लागतात. पेशंटला बसवल्यासारखं उचलून दोन्ही बाजू तपासल्या, चिरांना स्टेपल लावले, हलकी पट्टी बांधली. दीड तासाच्या आसपास लागला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून पापण्यांत उतरली आणि डोळे जवळपास बंद झाले. हे होणार हे आधी सांगितलेलं असूनही घरचे घाबरतातच, म्हणून आधी फोटो दाखवून ठेवलेले बरे. डोकं उंच ठेवून झोपणं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यांवर थंड पट्ट्या. एकाच बाजूला वेगाने वाढणारी सूज आणि जोराचं दुखणं आलं तर लगेच फोन करा, हे लिहून दिलं होतं, कारण आत रक्त साठलं तर ते असंच सुरू होतं. तसं काही झालं नाही. स्टेपल नवव्या दिवशी काढले.

पण त्याच दिवशी एक गोष्ट दिसली. कपाळावर आठ्या पाडा म्हटल्यावर डावीकडे पडल्या, उजवीकडे जवळपास नाहीच. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी काहीही लपवलं नाही, उजवीकडची शीर, कॉटरी, सगळं सांगितलं. नर्व्ह कापली गेली असं मानायला कारण नव्हतं, उष्णतेने आणि ताणाने ती काही काळ झोपते, बहुतेक वेळा काही आठवडे ते काही महिन्यांत परत येते. तोपर्यंत दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून डावीकडे अगदी थोडं बोटॉक्स देता येतं, हा पर्याय दिला, पण आधीच्या अनुभवामुळे त्यांना ते नको होतं आणि आम्हीही आग्रह धरला नाही. भुवई टाक्यांवर टिकून होती, त्यामुळे उजवी बाजू खाली आली नाही, फक्त हलत नव्हती. सहाव्या आठवड्यात थोडी हालचाल दिसली, दहाव्या आठवड्याला आठ्या जवळजवळ सारख्या. ते दहा आठवडे त्यांना किती लांब गेले असतील हे मी दर भेटीला बघत होते. कन्सेंटच्या फॉर्मवर एका ओळीत लिहिलेली ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी समोर बसून, वेळ देऊन बोलायला हवी, निदान आम्ही तरी त्यानंतर तसंच करतो.

डोक्याचा पुढचा भाग बधिर होता, तिसऱ्या महिन्यात तिथे खूप खाज सुटली. नर्व्ह परत जागी होताना खाज येते, पण बधिर कातडीवर नखं लावली तर जखम कळत नाही, म्हणून खाजवू नका हे पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. डाव्या कानशिलावरच्या चिरेभोवतीचे केस गळले होते, चौथ्या महिन्यापर्यंत परत आले.

सहा महिन्यांनी फोटो, सारख्याच प्रकाशात, सारख्याच अंतरावरून. भुवयांची बाहेरची टोकं हाडाच्या कडेच्या वर, आतली होती तिथेच. उजवी अजून १ मिमी खाली, पण आधी तो फरक ३ मिमी होता. वरच्या बाजूची नजर तपासायची जी फील्ड टेस्ट आधी केली होती ती परत केली, बाहेरचा-वरचा भाग मोकळा झालेला दिसला. कपाळावरच्या आडव्या आठ्या न बोटॉक्स देता बऱ्याच कमी झाल्या, कारण फ्रंटॅलिसला आता दिवसभर ओढून धरायचं कारण उरलं नव्हतं. संध्याकाळचं कपाळ दुखणं कमी झालं असं त्या म्हणाल्या, पण डोकेदुखीसाठी हे ऑपरेशन करा असं मी कोणालाही सांगणार नाही, त्याची कारणं इतकी असतात.

वर्षाच्या भेटीत भुवया पहिल्या महिन्याच्या फोटोपेक्षा जराशा खाली होत्या, तेवढं अपेक्षितच असतं. डाव्या पापणीवर अजून थोडी घडी आहे. ती काढायची का विचारलं तर म्हणाल्या, आता मला त्याचा त्रास नाही, राहू दे. फाइलमध्ये सरांनी पुढच्यासाठी लिहून ठेवलंय की कधी पापणीची सर्जरी झालीच, तर भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत किमान २० मिमी कातडी शिल्लक राहिली पाहिजे, आणि त्याआधी अश्रूंची टेस्ट परत करायची.